पिकअप वाहनाचे सस्पेन्शन खाली घेणे

पिकअप वाहनाचे सस्पेन्शन खाली घेणे म्हणजे वाहनाची चासी व तिच्यावरील केबिन मूळ उंचीपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ यावी यासाठी कमान-पाटे, स्प्रिंग, टॉर्शन बार किंवा चाके यांत केलेला बदल होय. जगाच्या अनेक भागांत असा बदल वाहनाच्या शोभेसाठी किंवा वळणावरील स्थैर्यासाठी केला जातो. या लेखात वृद्ध, दिव्यांग, गर्भवती व आजारी प्रवाशांना चढणे-उतरणे सोपे व्हावे या हेतूने केलेल्या बदलाचा विचार केला आहे. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप हे खराब वाटेवरून जाण्यासाठी मुद्दाम उंच बांधलेले वाहन असते. त्यामुळे प्रवाशाच्या सोयीसाठी कमी केलेली उंची बहुतेक वेळा वाहनाच्या मूळ गुणातूनच वजा होते.

मराठीत सस्पेन्शनला 'निलंबन' हा पारिभाषिक शब्द सुचवला जातो. परंतु तो नोकरीतील निलंबनाशी इतका जोडला गेला आहे की गॅरेजमध्ये तो सहसा ऐकू येत नाही. मिस्त्री आणि चालक 'सस्पेन्शन', 'पाटे', 'कमान', 'शॉकअप' हेच शब्द वापरतात. येथेही तेच वापरले आहेत.

वाहन उंच असण्याचे कारण

पिकअपची बांधणी शिडीसारख्या चासीवर होते. चासीखाली धुरे (ॲक्सल), त्यांवर कमान-पाटे आणि चासीच्या वर केबिन व हौदा अशी ही रचना असते. मोटारकारमध्ये फरशी हाच सांगाड्याचा भाग असल्यामुळे ती खाली ठेवता येते. पिकअपमध्ये मात्र फरशीखाली चासीची जाडी येतेच. फोर-व्हील ड्राइव्ह वाहनात याशिवाय पुढच्या चाकांना शक्ती पोचवणारा दुसरा प्रॉपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केस आणि पुढचे डिफरन्शियल बसवावे लागते. त्यांच्यासाठी जागा राखल्याने केबिन आणखी वर जाते.

मागचे पाटे हे दुसरे कारण आहे. ते माल भरलेल्या अवस्थेचा विचार करून निवडलेले असतात. हौद्यात भार असला की मागचा भाग काही सेंटिमीटर दबतो. रिकाम्या वाहनात पाटे ताठ राहतात आणि मागची बाजू उचललेली दिसते. याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. माणसांना दवाखान्यात, लग्नाला किंवा बाजाराला नेताना पिकअप बहुधा रिकामे असते, म्हणजे प्रवाशाला ज्या वेळी ते कमी उंच हवे असते नेमके त्याच वेळी ते सर्वांत उंच आणि सर्वांत कडक असते.

चढणाऱ्याच्या बाजूने पाहता

मोठ्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये केबिनची फरशी जमिनीपासून साधारण अर्धा मीटर किंवा त्याहून थोडी अधिक उंचीवर असते. सार्वजनिक इमारतीच्या जिन्यातील पायरी सुमारे १५० मिलिमीटर उंच धरली जाते. म्हणजे पिकअपमध्ये पाय ठेवणे हे तीन ते चार पायऱ्या एका पावलात चढण्यासारखे आहे. निरोगी तरुणाला त्याचे काही वाटत नाही. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णाला मात्र वाकवलेल्या एका गुडघ्यावर सगळे शरीर उचलणे अवघड किंवा अशक्य होते. लुगडे किंवा साडी नेसलेल्या वृद्ध स्त्रीच्या बाबतीत गुडघा वर घेण्यालाच वस्त्राची मर्यादा पडते. वाहनांच्या रचनेत ही बाब क्वचितच विचारात घेतलेली दिसते.

उतरणे हे चढण्यापेक्षा सोपे असते असा समज आहे. प्रत्यक्षात अनेक वृद्धांना उतरतानाच अधिक भीती वाटते. खालची जमीन नीट दिसत नाही, हाताला धरायला दाराशिवाय काही नसते आणि शेवटच्या क्षणी सगळे वजन एका पायावर आदळते. पावसाळ्यात चिखलावर पाय पडला तर घसरण्याचा धोका असतोच.

चाकाच्या खुर्चीवरून आसनावर जाणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या दृष्टीने फरशीपेक्षा आसनाची उंची महत्त्वाची असते. चाकाच्या खुर्चीचे आसन साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीवर असते आणि दोन्ही आसने जवळजवळ एका पातळीवर असली की हातांच्या जोरावर सरकता येते. पिकअपचे आसन याहून कितीतरी वर असते. त्यामुळे वाहन ५ सेंटिमीटर खाली आणल्याने गुडघेदुखीच्या रुग्णाला जाणवण्याजोगा दिलासा मिळू शकतो, पण चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीची अडचण तशीच राहते. कोणासाठी बदल करायचा हे ठरवल्याशिवाय किती खाली घ्यायचे हे ठरत नाही.

उंची कमी करण्याच्या पद्धती

सर्वांत साधी पद्धत म्हणजे लहान व्यासाचे टायर. टायरचा व्यास जितका कमी होतो त्याच्या निम्म्याने वाहन खाली येते. २३५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर, तर २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. व्यासातील ३० मिलिमीटरच्या फरकाने वाहन केवळ १५ मिलिमीटर खाली येते. एवढ्यासाठी वेगदर्शक काटा चुकीचा वेग दाखवू लागतो (६० दाखवत असताना खरा वेग ताशी साधारण ५७.५ किलोमीटर असतो) आणि टायरची भारक्षमताही घटू शकते. फोर-व्हील ड्राइव्ह वाहनात चारही टायर एकाच मापाचे असणे आवश्यक आहे. गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या रचनेत पुढच्या व मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल नसते. मापे वेगळी असतील तर कोरड्या रस्त्यावर शाफ्ट व गिअरांवर पीळ साचतो आणि ते लवकर निकामी होतात.

मागच्या बाजूस कमान-पाटे असतील तर बदलाची रीत पाटा धुऱ्याच्या वर आहे की खाली यावर अवलंबून असते. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपमध्ये पाटे धुऱ्याच्या खालून जातात. अशा रचनेत धुरा आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवला तर चासी तेवढीच खाली येते. आजच्या बहुतेक फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये पाटे धुऱ्याच्या वर असतात. तेथे तोच ठोकळा वाहनाला खाली न आणता वर उचलतो. हा फरक न समजल्यामुळे ठोकळ्यांविषयी बराच गोंधळ होतो. पाटा वर असलेल्या वाहनात धुरा पाट्याच्या वरच्या बाजूस नेऊन बांधता येतो. परंतु त्यामुळे धुऱ्याच्या नळीची व पाट्यांच्या थप्पीची मिळून जी जाडी होते तेवढे, म्हणजे सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर, वाहन एकदम खाली येते. धुरा चासीला धडकू नये म्हणून मग चासी कापून तिला खाच द्यावी लागते. प्रवासी वाहनासाठी आणि विशेषतः माल वाहणाऱ्या वाहनासाठी चासीची अशी काटछाट समर्थनीय मानता येत नाही.

थप्पीतील एखादा पाटा काढणे ही गॅरेजमध्ये सहज होणारी गोष्ट आहे. ग्रामीण भागात प्रत्यक्षात याच्या उलट प्रकार अधिक घडतो. जास्त माल भरता यावा म्हणून जादा पाटा टाकला जातो आणि वाहन आणखी उंच व कडक होते. अशा वाहनातील जादा पाटा काढून मूळ रचना परत आणणे हा उंची कमी करण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो, कारण त्यात कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर काहीच जात नाही. मूळ संख्येपेक्षाही पाटे कमी केले तर वाहनाची भारक्षमता घटते; नोंदणी पुस्तिकेतील क्षमता तशीच राहिल्याने पुढचा मालक किंवा चालक फसण्याची शक्यता राहते. पाटे उतरवताना काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण एकदा ताणलेल्या बोल्टची पकड पूर्वीसारखी राहत नाही.

पुढच्या बाजूस स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या काही वाहनांत टॉर्शन बार असतो. महिंद्रा स्कॉर्पिओच्या पहिल्या पिढीत तो होता. त्याच्या टोकाशी असलेला जुळणीचा बोल्ट सैल केला की पुढचा भाग खाली येतो. सोपी असल्यामुळे ही जुळणी सर्वाधिक केली जाते आणि सर्वाधिक बिघडवलीही जाते. बार तेवढाच कडक राहतो, मात्र चाकाला वर सरकण्यास मिळणारी जागा कमी होते आणि खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आघात बसू लागतात. प्रवाशाला चढणे सोपे झाले तरी प्रवास अधिक धक्क्यांचा होतो, जे कंबरदुखीच्या रुग्णाच्या दृष्टीने काही हिताचे नाही.

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या वाहनांत पुढे गुंडाळी स्प्रिंग व मागे पाटे असतात. गुंडाळी स्प्रिंगच्या बाबतीत योग्य मार्ग म्हणजे मापात बनवलेली कमी लांबीची स्प्रिंग बसवणे. मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापल्यास उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि तिचे कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणे हा प्रकार त्याहून वाईट आहे. तापवल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि स्प्रिंग काही काळात आणखी बसते किंवा तुटते.

फोर-व्हील ड्राइव्ह क्षमतेवर परिणाम

पुढे व मागे दोन्हीकडे अखंड धुरा असलेल्या वाहनात जमिनीच्या सर्वांत जवळ असलेला भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. तो धुऱ्यावरच असल्यामुळे पाट्यांत केलेल्या बदलाने त्याची उंची बदलत नाही. ती केवळ टायर बदलल्याने बदलते. यावरून अशा वाहनाची जमिनीपासूनची मोकळीक कायम राहिली असे कागदावर म्हणता येते. परंतु चासी, इंधनाची टाकी, ट्रान्सफर केस व शाफ्ट हे सर्व खाली येतात, म्हणजे वाहनाचे पोट खाली येते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या वाहनात तर पुढचे डिफरन्शियल चासीला बांधलेले असल्याने तेही चासीबरोबर खाली येते आणि मोकळीक थेट घटते.

पोटाची उंची आणि दोन धुऱ्यांमधील अंतर यांवरून वाहन किती टोकदार उंचवटा ओलांडू शकेल हे ठरते. एक साधा हिशेब करता येतो. पुढच्या व मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि पोटाच्या मध्याची उंची २२५ मिलिमीटर आहे असे धरले, तर चाके जेथे टेकतात ते बिंदू पोटाच्या मध्याशी जोडून मिळणारा कोन सुमारे १७ अंशांचा येतो. पोट ५० मिलिमीटरने खाली आले की तो सुमारे १३ अंशांवर उतरतो. टायरच्या गोलाईमुळे प्रत्यक्ष कोन याहून काहीसा मोठा असतो, पण घट याच प्रमाणात होते. मोटारकारच्या तुलनेत पिकअप आधीच लांब असते. त्यामुळे उंचीतील प्रत्येक सेंटिमीटरची किंमत त्यात अधिक लागते.

शक्ती वाहून नेणाऱ्या भागांचे कोनही बदलतात. मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे जॉइंट परस्परांशी विशिष्ट कोनात असावे लागतात. तो कोन बिघडला की ठरावीक वेगाला कंप जाणवू लागतो आणि जॉइंट लवकर झिजतात. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाके वरच्या टोकाला आत झुकतात व टायर आतल्या कडेने झिजतात. खाली घेतल्यानंतर चाकांची जुळणी करून घेणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

ब्रेक आणि दिवे

अनेक पिकअपमध्ये मागच्या धुऱ्याजवळ भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो चासी व धुरा यांमधील अंतर मोजतो. अंतर कमी झाले की 'माल भरलेला आहे' असा अर्थ घेऊन तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. सस्पेन्शन खाली घेतलेले वाहन रिकामे असूनही या व्हॉल्व्हला भरलेले वाटते. परिणामी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की मागची चाके आधी जाम होतात आणि वाहन आडवे फिरू शकते. व्हॉल्व्हच्या दांडीची नव्याने जुळणी करणे हे काही मिनिटांचे काम आहे, पण ते राहून गेले तर सोयीसाठी केलेला बदल प्राणघातक ठरू शकतो.

पुढचा व मागचा भाग सारख्या प्रमाणात खाली आला नसेल तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो किंवा अगदी जवळ पडतो. तोही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

फैजपूर आणि खानदेशातील संदर्भ

फैजपूर हे जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील नगर उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी यांच्या मधल्या सपाट व सुपीक पट्ट्यात, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर वसले आहे. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले होते. यावल व रावेर तालुक्यांचा हा परिसर केळीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. केळीचे घड शेतातून सडकेपर्यंत आणण्यासाठी ट्रॅक्टर, ट्रक आणि पिकअप अशी सर्व प्रकारची वाहने बागांपर्यंत जातात.

या भागातील बरीचशी पिकअप वाहने मागच्या दोन चाकांवर चालणारी आहेत; फोर-व्हील ड्राइव्ह प्रकार तुलनेने महाग असल्याने कमी दिसतो. शिवारातील वाटा मात्र पावसाळ्यात फोर-व्हील ड्राइव्हची गरज भासावी अशाच असतात. काळी जमीन पाणी प्याली की फुगते, चिकट होते आणि चाकाखाली दबून चाकोरी खोल होत जाते. ट्रॅक्टरची मोठी चाके ती आणखी खोल करतात आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा तसाच राहतो. ट्रॅक्टर त्यावरून सहज निघून जातो. त्याच वाटेने जाणारे पिकअप पोटावर टेकले की चाकांवरचा भार हलका होतो आणि चारही चाके जागच्या जागी फिरत राहतात. अशा वेळी फोर-व्हील ड्राइव्हचा काहीच उपयोग होत नाही. ट्रॅक्टर बोलावून वाहन ओढून काढावे लागते. वर दिलेल्या हिशेबातील ५ सेंटिमीटरचा अर्थ या वाटांवर नीट कळतो.

सातपुड्याच्या अंगाने परिस्थिती आणखी कठीण होते. रावेर तालुक्यातील पालच्या परिसरात तसेच यावल अभयारण्याच्या बाजूस असलेल्या आदिवासी पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा दगडगोट्यांच्या व नाले ओलांडणाऱ्या आहेत. व्यापक खानदेशात पश्चिमेकडे, नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव व अक्कलकुवा भागात, रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून गाडीपर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या वेळोवेळी येत असतात. तेथे वाहन रुग्णाच्या किती जवळ जाऊ शकते हा पहिला प्रश्न असतो आणि रुग्ण वाहनात किती सहज चढतो हा दुसरा. उंची घटवून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवताना पहिला अधिक बिकट होणार असेल तर तो सौदा तोट्याचा आहे. याउलट, फैजपूर, सावदा किंवा भुसावळसारख्या गावांत राहणाऱ्या आणि पिकअप मुख्यतः डांबरी सडकेवरच वापरणाऱ्या कुटुंबाला थोडी उंची सोडून देणे परवडू शकते. अर्थात अशा कुटुंबाला मुळात फोर-व्हील ड्राइव्हची गरज आहे का, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

उंच वाहनात माणसे चढवण्याची अडचण या प्रदेशाला नवी नाही. विलिस जीपची जुळणी महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली आणि पुढे त्याच घराण्यातील लांब जीपगाड्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'काळी-पिवळी' या नावाने प्रवासी वाहतूक करू लागल्या. त्यांत मागून चढावे लागे आणि त्यासाठी मागच्या फळीखाली लोखंडी पायदान जोडलेले असे. वाहनाची उंची तशीच ठेवून मध्ये एक पायरी देण्याचा हा उपाय साधा असला तरी तांत्रिकदृष्ट्या अचूक होता.

थांबल्यावर खाली बसणारी वाहने

चालताना उंच आणि थांबल्यावर बुटके असे वाहन बनवता आले तर वरील पेच सुटतो. पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर वाहन तोलले की हे शक्य होते. फुग्यांतील हवा सोडली की वाहन खाली बसते आणि कॉम्प्रेसरने पुन्हा भरली की वर येते. रेंज रोव्हरमध्ये १९९२ साली आलेल्या हवेच्या सस्पेन्शनला चढ-उतारासाठी वेगळी कमी उंची होती. पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये रॅम १५०० या अमेरिकी वाहनाच्या २०१३ च्या आवृत्तीत चारही चाकांवर हवेचे सस्पेन्शन मिळू लागले. उभे असताना ते सुमारे ५ सेंटिमीटर खाली बसते.

भारतीय वाचकाला हे तत्त्व शहरी बसमधून परिचित आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या काळात बससाठी ४००, ६५० व ९०० मिलिमीटर अशा फरशीच्या उंची ठरवण्यात आल्या आणि कमी उंचीच्या बस पुण्यासह अनेक शहरांत धावू लागल्या. यांपैकी काही बस थांब्यावर दाराच्या बाजूला झुकतात. अशा बसला सपाट रस्ता लागतो. पिकअपला तो मिळेलच असे नाही. बाजारात मिळणारे हवेचे फुगे मूळ पिकअपवर नंतर बसवता येतात, परंतु चिखल, धूळ आणि गिट्टी यांमुळे रबर व नळ्या खराब होतात आणि दुरुस्तीची सोय लहान गावांत सहसा नसते. शेतात हवा गेलेली गाडी ही टेकलेल्या गाडीइतकीच निरुपयोगी असते.

कायदेशीर बाजू

भारतात वाहनातील बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपासून फारकत घेणारे बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दिव्यांग व्यक्तीसाठी केलेल्या बदलाला मात्र कायद्यात वेगळे स्थान आहे. शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीच्या वापरासाठी खास बांधलेले किंवा बदललेले आणि केवळ अशा व्यक्तीकडून वा तिच्यासाठी वापरले जाणारे वाहन, अशी अनुकूलित वाहनाची व्याख्या अधिनियमाच्या आरंभीच दिली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्येही वाहतुकीची साधने सुगम करण्याबरोबर वैयक्तिक वाहनांत अनुकूल बदल करण्याच्या योजनांचा उल्लेख आहे. व्याख्येतील 'केवळ' हा शब्द शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने अडचणीचा आहे. जे पिकअप सकाळी केळी वाहते आणि दुपारी आजीला दवाखान्यात नेते ते या व्याख्येत बसणे कठीण आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसलेल्या, केवळ वयाने थकलेल्या व्यक्तीला तर या तरतुदीचा आधार मिळतच नाही.

मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनाची योग्यता तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. परवानगीशिवाय केलेला बदल त्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलावरून विमा दाव्यातही वाद उद्भवतात. म्हणून काम करण्याआधी संबंधित परिवहन कार्यालयाकडून (जळगाव जिल्ह्यात एमएच-१९ या क्रमांकाखाली नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडून) लेखी उत्तर घेणे हिताचे असते. येथे हेही नोंदवले पाहिजे की दुहेरी केबिनच्या पिकअपमध्येही आसनसंख्या नोंदणीत दिल्याइतकीच असते. सोय झाली म्हणून मागच्या हौद्यात माणसे बसवणे बेकायदेशीर आणि धोकादायकच राहते.

पर्याय

केबिनची फरशी ५५० मिलिमीटर उंचीवर आहे असे धरल्यास सस्पेन्शन ५० मिलिमीटरने खाली घेतल्यावरही ५०० मिलिमीटरची चढण उरते. तेच वाहन मूळ उंचीवर ठेवून ३०० मिलिमीटरवर पायदान बसवले, तर चढण ३०० आणि २५० मिलिमीटर अशा दोन टप्प्यांत विभागली जाते. सस्पेन्शनला हात न लावता मिळालेला हा लाभ खाली घेण्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा स्पष्टपणे मोठा आहे. पायदान रुंद, खडबडीत पृष्ठभागाचे आणि चासीला बांधलेले असावे. पत्र्याला जोडलेले शोभेचे नळीचे पायदान पूर्ण वजन पेलेलच असे नाही. कायम बाहेर राहणारे पायदान चाकोरीच्या कडांना घासते, म्हणून शेतात जाणाऱ्या वाहनाला दुमडता येणारे अधिक उपयोगी पडते.

दाराच्या खांबावर आतून धरायला मजबूत मूठ असणे हे पायदानाइतकेच महत्त्वाचे आहे, विशेषतः उतरताना. आसन बाहेर वळवून खाली आणणारी यांत्रिक आसने चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांसाठी उपलब्ध आहेत, मात्र ती महाग असून दुहेरी केबिनच्या अरुंद मागच्या दारात बसवणे अवघड जाते.

खर्च नसलेले उपायही आहेत. ग्रामीण भागात बैलगाडीत वृद्धांना बसवताना गाडी ओट्याला किंवा बांधाला लावण्याची रीत होती. पिकअपही घराच्या ओट्याशी, पायरीशी किंवा रस्त्याच्या उंच कडेशी उभे केले तर जमीनच १५ ते २० सेंटिमीटर वर येते, म्हणजे सस्पेन्शनमधून सुरक्षितपणे मिळू शकणाऱ्या उंचीच्या तिप्पट-चौपट. वाहनासोबत लाकडी पाट किंवा बसकी घडवंची ठेवणारे चालकही असतात. चिखलात ती रुतू नये म्हणून तिचे पाय टोकदार नसावेत आणि चढणाऱ्याने भार टाकण्यापूर्वी दुसऱ्या कोणी ती पायाने दाबून धरावी.